करंगळीखालचा फोड: कुष्ठरोगातल्या एका रिअ‍ॅक्शनचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यातल्या चुकीत माझाही वाटा आहे. पहिल्या भेटीला तिला तपासणारा डॉक्टर मीच होतो.

पार्श्वभूमी

रुग्ण ३१ वर्षांची, शिवणकाम करणारी, दुसऱ्यांदा गरोदर. आठवा महिना संपत आला तेव्हा आमच्याकडे आली. पाठ, उजवा दंड आणि डावी मांडी मिळून नऊ फिकट चट्टे होते. पहिले दोन-तीन तिला पाचव्या महिन्यात दिसले होते, पण गरोदरपणात अंगावर डाग पडतातच, अशी सगळ्यांनी समजूत घातली. दंडावरच्या चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नव्हता. कानाच्या पाळीच्या त्वचेचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून तपासायचा नमुना, घेतला, त्यात जंतू सापडले. निदान स्पष्ट होतं: बहुजंतू प्रकारचा कुष्ठरोग, सीमावर्ती गटातला.

बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, त्याच दिवशी सुरू केला. महिन्यातून एकदा समोर बसवून रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमिन ३०० मिलिग्रॅम, शिवाय घरी रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५० मिलिग्रॅम. अशी १२ पाकिटं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे उपचार थांबवायचे नसतात. तीन आठवड्यांनी सुखरूप बाळंतपण झालं, बाळही ठणठणीत होतं.

त्या पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर एक रकाना आहे: 'नसा'. त्यात माझ्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला आहे, 'ठीक'. कुठली नस, किती जोर, कुठे संवेदना, यातलं काहीही नाही. पुढे काय झालं त्याची सुरुवात या एका शब्दापासून झाली, असं मला वाटतं.

अडचण कशी समोर आली

औषध सुरू होऊन सात आठवडे झाले होते, बाळ चार आठवड्यांचं होतं. ती ठरल्या तारखेच्या आधीच आली. सगळे चट्टे लालबुंद झाले होते, फुगून वर आले होते, हात लावला तर गरम लागत होते. दोन नवेही उठले होते. उजव्या पंजाला सूज होती आणि अंगात कसकस. "औषधानं बरं व्हायचं सोडून हे वाढलंय, डॉक्टर," ती म्हणाली. तिच्या जागी कोणीही असतं तरी हेच म्हणालं असतं.

माझ्या मनात लगेच आलं ते डॅप्सोन. या औषधाची एक तीव्र अ‍ॅलर्जी असते: ताप, अंगभर पुरळ, यकृताला सूज, गाठी. ती बहुधा औषध सुरू केल्यावर चौथ्या ते आठव्या आठवड्यात दिसते आणि ओळखायला उशीर झाला तर जीवावर बेतते. चीनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की एचएलए-बी*१३:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना तिचा धोका कितीतरी जास्त असतो. ती चाचणी आमच्या हाताशी नव्हती. काळ तंतोतंत जुळत होता, म्हणून मी घाबरलो. एमडीटी पूर्ण बंद केली, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि आठवड्याने बोलावलं.

कोपर मी चाचपलं नाही.

तान्ह्या बाळाला घेऊन प्रवास अवघड, त्यामुळे ती आठवड्याऐवजी अकराव्या दिवशी आली. या वेळी तिला आधी आमच्या फिजिओथेरपिस्टनी पाहिलं आणि त्यांनी मला हाक मारली. तिच्या उजव्या तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर रुपयाएवढा पाण्याने भरलेला फोड होता. कसा झाला विचारलं, तर तिने हात उलटा करून पाहिला आणि स्वतःच चपापली. बाळाच्या अंघोळीचं पाणी उतरवताना गरम भांड्याची कड लागली असणार, असं तिचं तिनेच जुळवलं. भाजल्याचं तिला कळलंच नव्हतं.

मग बाकीचंही बोलण्यात आलं. कात्री चालवताना करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब, एका बाजूलाच राहते. सुई चिमटीत धरली की सटकते. कोपरापासून खाली रात्रभर ठणका लागतो. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत बोट टेकवलं तर नस पेन्सिलीएवढी जाड लागली, आणि तिने हात झटकन ओढून घेतला. अनामिका आणि करंगळी यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरायला दिली. मी नुसती ओढली, ती निसटली. करंगळी बाहेर पसरवण्याचा जोर पाचपैकी तीन, म्हणजे बोट हलतं पण जरा अडवलं की हरतं. करंगळीवर आणि तळहाताच्या त्या कडेवर २ ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूचा स्पर्श कळत नव्हता.

मग पायही तपासले. तिथे तिची काही तक्रार नव्हती, तरी डाव्या तळपायावर तीन ठिकाणी १० ग्रॅमचा तंतू टेकवलेला कळत नव्हता. घोट्यामागची नस जाड होती, पण दुखत नव्हती. न दुखता हळूहळू निकामी होणारी नस जास्त घातक, कारण ती रुग्णाला सावध करत नाही.

शरीरात नेमकं काय चाललं होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावरच उभा आहे.

कुष्ठरोगाचा जंतू फार संथ असतो. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि त्याला शरीराचा थंड भाग मानवतो: त्वचा, आणि त्वचेलगत धावणाऱ्या नसा. नसांभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींमध्ये तो ठाण मांडतो. त्याचं स्वतःचं विष असं काही नाही. तिथे तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो.

आजाराचं रूप ठरतं ते रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेलं वर्गीकरण आजही याच पायावर टिकून आहे. एका टोकाला टी पेशींचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, जोरदार प्रतिसाद, तिथे जंतू मोजके आणि चट्टेही मोजके. दुसऱ्या टोकाला हा प्रतिसाद जवळजवळ नसतोच. तिथे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) भरपूर असूनही उपयोगाची नसतात, कारण जंतू पेशीच्या आत असतो आणि प्रतिपिंडं बाहेर. म्हणूनच नुसत्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर या रोगाचं निदान होत नाही: जंतू मोजके असलेल्या रुग्णात ती चाचणी बहुधा कोरीच येते. या दोन टोकांच्या मध्ये सीमावर्ती गट. तिथे तोल पक्का नसतो, कोणत्याही बाजूला ढळू शकतो.

गरोदरपणात पेशीजन्य प्रतिकारशक्ती थोडी आवरती घेतलेली असते आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ती परत उसळी घेते. या रुग्णात तेच घडलं. त्यात एमडीटीने जंतू मारले होते, त्यांचे तुकडे त्वचेत आणि नसांत विखुरलेले होते. रिफॅम्पिसिनच्या एकाच मात्रेने बहुतेक सगळे जिवंत जंतू संपतात, पण मेलेल्यांचे अवशेष शरीराबाहेर जायला महिने, कधी वर्षं लागतात. टी पेशी जाग्या झाल्या, त्यांनी हे अवशेष ओळखले आणि जिथे जिथे ते होते तिथे हल्ला चढवला. इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही दाह वाढवणारी रसायनं, मग सूज, लाली. यालाच टाइप १ रिअ‍ॅक्शन म्हणतात. सीमावर्ती गटात ती जवळपास ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये दिसते.

त्वचेला सूज आली तर ती ओसरते. नसेला आली तर तिला फुगायला जागाच नसते. कोपरामागच्या अरुंद खोबणीत, स्वतःच्याच आवरणात ती आवळली जाते, रक्तपुरवठा घटतो आणि तंतू मरू लागतात. रोगावर मात करणारी प्रतिकारशक्तीच इथे बोटं वाकडी करते. जंतू जिवंत आहे की मेलेला, याने नसेला फारसा फरक पडत नाही. म्हणून इथे जंतुनाशक औषध बदलून भागत नाही, सूजच उतरवावी लागते, आणि तीही लवकर. नस निकामी होऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेला की ती परत येण्याची आशा झपाट्याने कमी होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, जे चाललं होतं तेच: औषध अ‍ॅलर्जीचं समजून एमडीटी बंद ठेवायची. रक्ताचे अहवाल तोवर आले होते. यकृत नॉर्मल, इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले नाहीत. लाली फक्त जुन्या आणि नव्या चट्ट्यांपुरती, मधली त्वचा स्वच्छ, तोंडात-डोळ्यांत काही नाही, कुठेही गाठ नाही. डॅप्सोनची अ‍ॅलर्जी चट्टे निवडून येत नाही. हे पहिल्याच दिवशी दिसत होतं, फक्त मी त्या नजरेने पाहिलं नाही.

दुसरा, नुसती दुखणं कमी करणारी औषधं देऊन वाट पाहायची. नस शाबूत असेल आणि चट्टेच तेवढे सुजले असतील तर हे चालतं. इथे जोर आणि संवेदना दोन्ही गेल्या होत्या, त्यामुळे हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. नसेसाठी हाच उपचार. पण बाळ सहा आठवड्यांचंही नव्हतं, आणि घरच्यांचा प्रश्न रास्त होता: इतकं स्टेरॉइड आईला, मग दुधाचं काय? प्रेडनिसोलोन दुधात अगदी थोडं उतरतं, आणि या मात्रेला अंगावर पाजणं थांबवायची गरज नसते. क्लोफाझिमिनमुळे बाळाच्या त्वचेवर किंचित सावळी छटा येऊ शकते, औषध संपल्यावर ती जाते. हे आम्ही बालरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन समजावलं. मधल्या अकरा दिवसांत कोणीतरी तिला पाजणंच बंद करायला सांगितलं होतं, आणि दोन दिवस तिने केलंही होतं. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच. उपचार सुरू झालेल्या आईपासून बाळ तोडायचं काहीच कारण नव्हतं, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत आधीच सांगणं आमचं काम होतं.

चौथा, शस्त्रक्रियेने नस मोकळी करणं. नसेत पू झाला किंवा स्टेरॉइड देऊनही ठणका हटेना, तर त्याचा विचार होतो. आत्ता नाही.

एमडीटी परत कधी सुरू करायची, यावर आमच्यात मतभेद झाले. एक मत असं की स्टेरॉइडखाली डॅप्सोनची अ‍ॅलर्जी झाकली जाऊ शकते, तेव्हा डॅप्सोन थोडं लांबवावं. दुसरं मत असं की स्टेरॉइड चालू आणि जंतुनाशक बंद ही जोडी सगळ्यात वाईट. शेवटी रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन त्याच दिवशी, आणि यकृताची तपासणी पुन्हा करून डॅप्सोन तिसऱ्या दिवशी, असं ठरलं. आज विचार केला तर ते तीन दिवसही थांबायला नको होतं, असं मला वाटतं. चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

काय केलं

स्टेरॉइडआधी रक्तातली साखर, रक्तदाब आणि छातीचा एक्स-रे पाहिला. क्षयरोग लपलेला असेल तर तो स्टेरॉइडने उफाळतो, आणि महिन्यातून एकदा घेतलेलं रिफॅम्पिसिन क्षयावर पुरत नाही. पोटातल्या जंतांचं औषध दिलं. मग प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, सकाळी, खाऊन.

किती दिवस द्यायचं? नस सहा महिन्यांच्या आत बिघडलेली असेल तर २० आठवडे आणि ३२ आठवडे यांत मोठा फरक पडत नाही, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं होतं. त्यानुसार २० आठवड्यांचा आराखडा केला, मात्रा पायरीपायरीने उतरवत. आमची पंचाईत अशी की तिची नस कधी बिघडली हेच नक्की माहीत नव्हतं. केसपेपरवर 'ठीक' लिहिलं होतं, आकडा नव्हता. ती म्हणत होती की सुई सटकणं बाळंतपणानंतरचं. आम्ही तिच्या शब्दावर विसंबलो.

कोपर अर्धवट वाकलेल्या स्थितीत ठेवणारा गुबगुबीत आधार रात्रीसाठी बांधायला दिला. ठणका असेपर्यंत बोटांचा जोर वाढवणारे व्यायाम मुद्दाम करू दिले नाहीत, फक्त बोटं हलकेच सरळ करणं. फोड न फोडता झाकला. दर दोन आठवड्यांनी जोर आणि संवेदना, दोन्ही हात, दोन्ही पाय, आकड्यांत. घरातल्या बाकीच्यांची त्वचा तपासली, आणि नियमात बसणाऱ्यांना रिफॅम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा दिली. बाळ त्या वयोगटात बसत नाही, त्याच्यावर फक्त लक्ष ठेवायचं.

गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, हे तिला तीनदा सांगितलं. चेहरा गोल होईल, भूक वाढेल, तरी बंद करायच्या नाहीत.

परिणाम

ठणका पाचव्या दिवशी गेला. चट्टे तीन-चार आठवड्यांत सपाट होऊन तांबूस-करडे झाले. सहाव्या आठवड्यात पट्टी ओढताना मला पहिल्यांदा थोडा विरोध जाणवला. तळपायावरच्या तीनपैकी दोन जागा आठव्या आठवड्यापर्यंत परत आल्या, तिसरी पुढे आली.

अकराव्या आठवड्यात मात्रा १५ मिलिग्रॅमवर आली आणि दहा दिवसांत कोपर पुन्हा दुखू लागलं. तेव्हा ती ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी आली. जोर एका अंकाने घसरला होता. मात्रा ३० वर नेली आणि या वेळी जास्त सावकाश उतरवली. एकूण २९ आठवडे लागले. वजन सहा किलोंनी वाढलं, चेहरा गोल झाला, एकदा रक्तदाब थोडा चढला. साखर नीट राहिली.

शेवटी करंगळीचा जोर पाचपैकी चार. तळहाताच्या कडेची संवेदना परत आली, करंगळीच्या टोकाची नाही. एमडीटीत अकरा दिवसांचा खंड पडला होता, पण १२ पाकिटं १८ महिन्यांच्या आत पूर्ण झाली की कोर्स पुरा धरतात, त्यामुळे त्याने अडलं नाही.

पुन्हा अशी वेळ आली तर

पहिल्या दिवशी नसा मोजायच्या. कागदाची पट्टी, नायलॉनचे दोन तंतू आणि हाताची बोटं, एवढंच लागतं. दोन्ही हातपाय मिळून दहा-पंधरा मिनिटं. तो आकडा असता तर सातव्या आठवड्यात तुलना करता आली असती, आणि 'कधीपासून' हा प्रश्नच उरला नसता.

आठवा महिना आणि सीमावर्ती प्रकार ही जोडी दिसली तेव्हाच बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांची तपासणी ठरवून ठेवायला हवी होती, दर दोन आठवड्यांनी, तक्रार असो वा नसो. प्रतिकारशक्ती परत उसळणार हे आधी माहीत असलेलं होतं. रिअ‍ॅक्शन टाळण्यासाठी सगळ्यांनाच आधीपासून थोडं स्टेरॉइड द्यावं का, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असं करून पाहिलं होतं. पहिल्या चार महिन्यांत रिअ‍ॅक्शन कमी दिसल्या, वर्षअखेर तो फायदा टिकला नाही. तेव्हा औषध आधी देण्यापेक्षा नजर ठेवणंच बरं.

आणि तिला सांगणं. एमडीटी सुरू करताना मी तिला गोळ्यांचा रंग, लघवीचा लाल रंग, त्वचेचा सावळेपणा, सगळं सांगितलं होतं. चट्टे लाल झाले, बोट कमजोर वाटलं किंवा कोपर दुखलं तर त्याच दिवशी यायचं, गोळ्या चालू ठेवून यायचं, हे नाही सांगितलं. अकरा दिवसांतले निदान आठ त्याने वाचले असते.

डॅप्सोनची भीती चुकीची नव्हती, हे मी अजूनही म्हणतो. तो विचार न करणंही तितकंच धोक्याचं. पण संशय असताना करायची गोष्ट होती तिला कपडे बाजूला करून पूर्ण पाहणं, मधली त्वचा स्वच्छ आहे का ते बघणं, आणि कोपरामागे बोट टेकवणं.

आता आमच्या केसपेपरवर 'नसा' हा रकाना एका ओळीचा राहिलेला नाही. तिथे दोन हात आणि दोन पाय काढलेले आहेत, आणि प्रत्येक ठिपक्यापुढे आकडा भरल्याशिवाय औषधाचं पाकीट द्यायचं नाही. शेवटच्या भेटीत तिने पट्टी अशी घट्ट धरली की ती माझ्या हातात फाटली. करंगळीचं टोक मात्र अजून मुकं आहे. शिवताना त्या बोटावर ती रबरी टोपण घालते, आणि रोज रात्री बाळ झोपलं की उजेडात दोन्ही हात उलटसुलट करून पाहते.